सामूहिक वनसंपत्ती व्यवस्थापन आराखडा आणि सल्लागारांची नेमणूक

आपल्या परंपरागत वनाचे रक्षण, पुनर्निर्मिती व व्यवस्थापन करण्याचा कायदेशीर हक्क मिळालेल्या गावाला त्या वनाचा आराखडा तयार करावा लागतो. या कामासाठी ग्रामसभेने, किंवा तिच्या वतीने शासकीय विभागाने, बाहेरील तज्ज्ञ व्यक्ती, स्वयंसेवी संस्था, महाविद्यालय अथवा खासगी कंपनी यांची मदत घेणे म्हणजे आराखड्यासाठी सल्लागाराची नेमणूक होय. महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः वनहक्क कायद्याखाली मान्य झालेल्या सामूहिक वनक्षेत्रांच्या संदर्भात पुढे आला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील सामुदायिक राखीव क्षेत्रे आणि जैविक विविधता अधिनियम, २००२ खालील लोक जैवविविधता नोंदवह्या यांच्या बाबतीतही तोच प्रश्न उभा राहतो.

या विषयातील वाद बहुधा अधिकाराभोवती फिरतात. चराई कोठे बंद ठेवायची, बांबू किती वर्षांच्या अंतराने तोडायचा, तेंदूपत्ता गोळा करायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. आराखडा दुसऱ्याने लिहिला, दुसऱ्याच्या भाषेत लिहिला आणि त्याची प्रत दुसऱ्याच्या कार्यालयात राहिली, तर हा अधिकार कागदावर शाबूत राहूनही हातातून निसटतो. त्याचबरोबर, हद्दीचा नकाशा, वृक्षगणना, उत्पादनाचा अंदाज आणि निधीचे अंदाजपत्रक ही कामे तांत्रिक मदतीशिवाय अवघड असतात. त्यामुळे सल्लागार घ्यावा की घेऊ नये, यापेक्षा तो कोणी नेमावा, त्याला काम कोणी नेमून द्यावे आणि त्याने केलेले काम कोणाच्या ताब्यात राहावे, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

कायदेशीर आधार

अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ हा कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला आणि त्याखालील नियम १ जानेवारी २००८ रोजी प्रसिद्ध झाले. कायद्याच्या कलम ३(१) मध्ये वैयक्तिक शेतजमिनीच्या हक्कांबरोबरच सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला आहे. सामूहिक वनसंपत्ती म्हणजे गावाच्या परंपरागत सीमेतील सामाईक वनजमीन. तीत राखीव वने, संरक्षित वने, तसेच अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतील क्षेत्रही येऊ शकते. हा हक्क वारसाने चालतो, परंतु विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. जमिनीचा दर्जा वनजमीन असाच राहतो. म्हणून अशा वनास बोलीभाषेत ‘गावाच्या मालकीचे जंगल’ म्हटले जात असले, तरी येथे मालकी या शब्दाचा अर्थ व्यवस्थापनाचा अधिकार एवढाच घ्यावा लागतो.

आराखड्याचा उल्लेख नियम ४ मध्ये येतो. ग्रामसभेने आपल्या सदस्यांमधून वन, वन्यजीव व जैवविविधतेच्या रक्षणासाठी समिती नेमावी, अशी तरतूद मूळ नियमांत होती. ६ सप्टेंबर २०१२ च्या सुधारणेने तीत महत्त्वाची भर पडली. या समितीने सामूहिक वनसंपत्तीचा संवर्धन व व्यवस्थापन आराखडा तयार करावा, त्यातून वनाचा शाश्वत व न्याय्य वापर साधावा आणि समितीला आवश्यक वाटतील ते फेरबदल करून तो वन विभागाच्या सूक्ष्म आराखड्याशी, कार्य आयोजनेशी किंवा व्यवस्थापन आराखड्याशी जोडून घ्यावा, असे आता नियम सांगतो. समितीवर देखरेख व नियंत्रण ग्रामसभेचे असते. ग्रामसभेच्या बैठकीची गणपूर्ती किमान निम्म्या सदस्यांची आहे आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश महिला असणे बंधनकारक आहे.

नियमांत ‘सल्लागार’ हा शब्द कोठेही येत नाही. आराखडा समितीने करावयाचा असल्यामुळे सल्लागाराने केलेला मसुदा हा केवळ साहाय्याचा कागद ठरतो. समितीने तो स्वीकारेपर्यंत आणि ग्रामसभेने त्यावर ठराव करेपर्यंत त्याला आराखड्याचे स्वरूप येत नाही. दुसरीकडे, हक्क मान्य झाल्यानंतर हक्कधारकांना शासकीय योजनांद्वारे साहाय्य पुरवण्याची जबाबदारी नियम १६ ने राज्य शासनावर टाकली आहे. आराखड्यांसाठी निधी व संस्थांची मदत देण्याच्या शासकीय उपक्रमांना या नियमाचा आधार मिळतो.

आराखडा किती तांत्रिक असावा, यावर केंद्रीय आदिवासी व्यवहार मंत्रालयाने एप्रिल २०१५ मध्ये राज्यांना निर्देश दिले. प्रत्येक ग्रामसभेने आपल्या सदस्यांना सहज समजेल असा स्वतःचा सोपा नमुना ठरवावा आणि त्यात वनात प्रवेश, वापर व संवर्धन यांविषयीचे नियमही असू शकतील, असा त्यांचा आशय होता. २०२३ मध्ये मंत्रालयाने सामूहिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाविषयी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. वन विभागाची कार्य आयोजना मात्र राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेनुसार बनते. ती साधारणतः दहा वर्षांची असते आणि तिच्यात कक्षनिहाय वृक्षसाठा, वाढीचा दर, कापणीचे वर्तुळ अशी सविस्तर मोजमापे अपेक्षित असतात. गावाच्या आराखड्याने हीच संहिता पाळावी असा आग्रह धरला गेला, तर बाहेरच्या तज्ज्ञाशिवाय आराखडा बनणेच अशक्य होते. छत्तीसगडमध्ये मे २०२५ मध्ये वन विभागाने काढलेल्या अशा आशयाच्या पत्रावरून ग्रामसभा व संघटनांनी आंदोलन केले आणि जुलै २०२५ मध्ये ते पत्र मागे घेण्यात आले. नमुन्याचा वाद वरवर किरकोळ वाटतो, पण सल्लागाराची गरज किती भासेल हे त्याच्यावरच ठरते.

महाराष्ट्रातील अनुभव

मेंढा (लेखा) हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील गोंड आदिवासींचे छोटे गाव. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. शेजारच्या मर्दा गावासह देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वन मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. २०१३ मध्ये गावाने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ खाली ग्रामदानाचा मार्ग स्वीकारला.

सल्लागाराच्या भूमिकेचा विचार करताना मेंढ्याची ‘अभ्यासगट’ ही पद्धत विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून गावात अभ्यासगटाच्या बैठका होत. त्यांत बाहेरचे अभ्यासक, अधिकारी व कार्यकर्ते येऊन बसत, माहिती देत, प्रश्न विचारत. गावकरीही त्यांना प्रश्न विचारत. वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांचा या प्रक्रियेशी दीर्घ संबंध राहिला. गावाच्या बाजूने देवाजी तोफा यांचे नेतृत्व होते. अभ्यासगटात निर्णय होत नसे. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने, आणि तेथे बाहेरच्याला मत नसे. सल्ला व निर्णय यांच्या जागा अशा वेगळ्या ठेवल्यामुळे तज्ज्ञाचे ज्ञान गावाला मिळाले आणि तज्ज्ञावर अवलंबून राहण्याची वेळही आली नाही. मात्र ही पद्धत वेळखाऊ आहे. सर्वसहमती होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा चर्चेला येतो, आणि आर्थिक वर्षाअखेर निधी खर्च करण्याच्या शासकीय वेळापत्रकात ती सहजासहजी बसत नाही.

अमरावती जिल्ह्याच्या अचलपूर तालुक्यातील पायविहीर येथे परिस्थिती वेगळी होती. २०१२ मध्ये मान्य झालेले १९३ हेक्टर क्षेत्र बहुतांशी उजाड होते. येथे रक्षणाआधी पुनर्निर्मितीचा प्रश्न होता. मेळघाट परिसरात काम करणाऱ्या ‘खोज’ या संस्थेच्या सोबतीने गावाने चराईवर नियंत्रण, मृद व जलसंधारण, वृक्षलागवड आणि सीताफळांची एकत्रित विक्री यांची सांगड घातली. उपातखेडा, खतिजापूर व नयाखेडा ही शेजारची गावेही याच वाटेने गेली. २०१४ मध्ये पायविहीरला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने दिला जाणारा भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. सल्लागार संस्थेचे काम येथे अहवाल देऊन संपले नाही. रोजगार हमीची कामे मंजूर करून घेणे, कार्यालयांशी पत्रव्यवहार, फळांची प्रतवारी, बाजाराशी संपर्क अशी वर्षानुवर्षे चालणारी सोबत तिने केली. कागदोपत्री ‘सल्लागार सेवा’ म्हणून ज्याची किंमत ठरवता येते, त्याहून हे काम बरेच मोठे असते आणि त्याचे देयक क्वचितच निघते.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव येथील ग्रामसभेला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर वनावर हक्क मिळाला. बांबूच्या विक्रीतून गावाला उत्पन्न मिळू लागले. तरीही तेंदूपत्ता गोळा करणे ग्रामसभेने स्वतःहून थांबवले. पाने चांगली यावीत म्हणून तेंदूच्या फांद्या छाटल्या जातात आणि वणवे लावले जातात, त्याने वनाची हानी होते, हे त्यामागचे कारण. वनाचा एक भाग कोणत्याही तोडीविना राखून ठेवण्याचाही निर्णय झाला. तेंदूपत्ता हे विदर्भातील वनगावांचे हमखास रोख उत्पन्न आहे. केवळ उत्पन्नाचा हिशेब मांडणाऱ्या सल्लागाराने ते सोडून देण्याची शिफारस केली असती, असे वाटत नाही. असे निर्णय ज्यांना तोटा सोसायचा आहे त्यांनीच घ्यावे लागतात.

या तिन्ही गावांना दीर्घकाळ सोबत करणाऱ्या संस्था किंवा कार्यकर्ते मिळाले. हक्क मान्य झालेल्या हजारो गावांपैकी बहुतेकांना अशी सोबत नाही, आणि म्हणूनच मोबदला देऊन सल्लागार नेमण्याचा मार्ग पुढे येतो.

घाईचे उदाहरण : जैवविविधता नोंदवह्या

बाहेरच्या यंत्रणेकडून मोठ्या प्रमाणावर काम करून घेतल्यास काय होते, याचा अनुभव लोक जैवविविधता नोंदवह्यांच्या बाबतीत आला. जैविक विविधता अधिनियमानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून आपल्या क्षेत्रातील जीवसंपदेची व तिच्याविषयीच्या ज्ञानाची नोंदवही तयार करावी, अशी अपेक्षा आहे. अनेक वर्षे हे काम रेंगाळले. ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि त्यानंतर विलंब करणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. महाराष्ट्रात सुमारे २८,००० ग्रामपंचायती आहेत. इतक्या समित्यांनी काही महिन्यांत नोंदवह्या करणे शक्य नव्हते, आणि देशभर अनेक ठिकाणी हे काम बाहेरच्या संस्थांकडे सोपवले गेले. देशातील नोंदवह्यांची संख्या अल्पावधीत अडीच लाखांच्या पुढे गेली. त्यांपैकी अनेक साच्यातून काढल्यासारख्या आहेत आणि गावकऱ्यांशी पुरेसे न बोलताच भरल्या गेल्या, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे.

नोंदवहीच्या मूळ कल्पनेत गावातील वैदू, गुराखी, मासेमार व बियाणे राखणाऱ्या स्त्रिया यांचे ज्ञान केंद्रस्थानी होते. एका ऋतूत, तेही हिवाळ्याच्या घाईत, फिरून गेलेल्या पथकाला पावसाळी रानभाज्या दिसत नाहीत. मृगानंतर उगवणारे कंद किंवा चैत्रातील मोहफुलांचा हंगाम नोंदवायचा तर किमान एक वर्ष लागते. सामूहिक वनाच्या आराखड्यालाही हीच मर्यादा लागू होते. तीन महिन्यांत पूर्ण होणारा आराखडा प्रत्यक्षात एका ऋतूचे चित्र असतो.

कार्यकक्षा

सल्लागाराने नेमके काय करावयाचे, हे लिहून ठेवलेल्या दस्तऐवजास कार्यकक्षा म्हणतात. कार्यकक्षा निधी देणाऱ्या कार्यालयाने तयार केली, तर सल्लागार त्याच कार्यालयाला बांधील राहतो. ग्रामसभेने तयार केली, तर ग्रामसभेला. अनेकदा सल्लागाराच्या निवडीपेक्षा कार्यकक्षेचा मसुदा निर्णायक ठरतो, आणि तो करताना गाव उपस्थित नसते.

सर्वसाधारण कार्यकक्षेत प्रथम हद्दीचे काम येते. हक्कपत्रात कक्ष क्रमांक किंवा गट क्रमांक नमूद असतात. परंतु गावकरी सीमा ओळखतात त्या नाल्याने, टेकडीने, देवाच्या जागेने. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी गावातील जाणती माणसे व शेजारच्या गावांचे प्रतिनिधी यांच्यासह हद्द चालून जावी लागते आणि त्या वाटेच्या उपग्रहाधारित नोंदी घ्याव्या लागतात. शेजारच्या गावाला न विचारता काढलेली रेषा पुढे तंट्याचे कारण होते. त्यानंतर वनाची स्थिती, लोकांच्या गरजा (सरपण, चारा, घरबांधणीचे लाकूड), गौण वनोपजाचे उत्पादन, पाण्याचे स्रोत, वन्यप्राण्यांचा वावर व वणव्यांचा इतिहास यांची माहिती गोळा केली जाते. तिच्या आधारे वनाचे विभाग पाडणे, वापराचे नियम, जाळरेषा व समतल चरांसारखी कामे, वर्षनिहाय अंदाजपत्रक आणि देखरेखीची पद्धत ठरते.

मोजमापाचे प्रमाण किती असावे, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. २०० हेक्टर वनाचे एक टक्का नमुना सर्वेक्षण करायचे म्हटले, तर २ हेक्टर क्षेत्र मोजावे लागते. २० मीटर गुणिले २० मीटरचा एक चौकोन ०.०४ हेक्टरचा होतो, म्हणजे असे ५० चौकोन आखावे लागतात. दोरी, मोजपट्टी व वही घेऊन गावातील प्रशिक्षित तरुणांचा गट हे काम करू शकतो. सल्लागाराने स्वतःची माणसे आणून तेच केले, तर काम लवकर होते. पण पाच वर्षांनी वन सुधारले की बिघडले, हे पाहण्यासाठी पुन्हा त्यालाच बोलवावे लागते. प्रत्येक मोजणीत गावातील ठरावीक संख्येचे लोक मजुरीसह सहभागी असावेत, ही अट कार्यकक्षेत घालणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

बांबूसारख्या बाबतीत तज्ज्ञाची खरी गरज पडते. तोडीचे वर्तुळ साधारणतः तीन ते चार वर्षांचे ठेवतात, म्हणजे वनाचे तितके भाग पाडून दरवर्षी एकच भाग तोडला जातो. प्रत्येक बेटातून किती जुन्या काठ्या काढाव्यात, पावसाळ्यात येणाऱ्या वास्त्यांना इजा होऊ नये म्हणून काय करावे, बांबूला फुलोरा आल्यास काय करावे, याचे शास्त्रीय निकष आहेत. हक्क मिळाल्यानंतरच्या पहिल्या हंगामात व्यापाऱ्याच्या आग्रहाने अति तोड झाली, तर वनाचे नुकसान होते आणि ग्रामसभेची पतही जाते.

निवड व करार

निधी शासनाचा असेल तर त्या विभागाचे खरेदीचे नियम लागू होतात. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मध्ये सल्लागार सेवांसाठी गुणवत्ता व खर्च यांवर आधारित निवड, किमान खर्चावर आधारित निवड आणि विशेष परिस्थितीत थेट नेमणूक, अशा पद्धती दिल्या आहेत. त्यांतील फरक एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘अ’ या संस्थेला तांत्रिक गुण ८५ व तिचे शुल्क ६ लाख रुपये. ‘ब’ या संस्थेला तांत्रिक गुण ७० व शुल्क ४ लाख रुपये. किमान खर्चाच्या पद्धतीत, दोघींनी पात्रतेची पायरी ओलांडली असल्यास, ‘ब’ निवडली जाते. गुणवत्तेला ७० व खर्चाला ३० टक्के भार दिल्यास ‘अ’ला ५९.५ अधिक २०, म्हणजे ७९.५ गुण मिळतात आणि ‘ब’ला ४९ अधिक ३०, म्हणजे ७९. अर्ध्या गुणाने निकाल फिरतो. तांत्रिक गुण कशाला द्यायचे, हे म्हणूनच महत्त्वाचे. उलाढाल, कार्यालयाचा आकार व पूर्वी केलेल्या अहवालांची संख्या यांनाच गुण ठेवले, तर महानगरातील कंपनी पुढे जाते. स्थानिक भाषा येणे, गावात मुक्काम करणे व पूर्वी सोबत केलेल्या ग्रामसभांचे मत यांना गुण ठेवले, तर चित्र बदलते. यांतील शेवटचा निकष तपासणे सोपे आहे: त्या गावांत जाऊन, आराखड्याची प्रत ग्रामसभेजवळ आहे का आणि ती कोणी वाचली आहे का, एवढे विचारले तरी पुरते.

ग्रामसभा स्वतःच्या उत्पन्नातून मोबदला देत असेल, तर तिला अधिक मोकळीक मिळते. अशा वेळी ठराव, लेखी करारनामा, टप्प्याटप्प्याने देयक आणि समितीच्या नावाचे बँक खाते ही किमान शिस्त पाळली जाते. देयकाचा शेवटचा हप्ता ग्रामसभेत आराखड्याचे वाचन होऊन ठराव झाल्यावरच द्यावा, ही अट गावाच्या हिताची असते. आराखड्यातील कामे पुढे ज्याला मिळणार आहेत, त्यानेच आराखडा लिहू नये, हा हितसंबंधांच्या संघर्षाचा साधा नियमही येथे लागू होतो. रोपे पुरवणाऱ्याने लिहिलेल्या आराखड्यात रोपांची संख्या वाढते.

माहितीची मालकी हा तुलनेने नवा मुद्दा आहे. औषधी वनस्पती कोठे आहेत, कोणत्या कड्यावर गिधाडांची घरटी आहेत, मधाची पोळी कोठे लागतात, ही माहिती नकाशावर आली की ती कोणाच्याही हाती पडू शकते. मूळ नोंदी व नकाशे ग्रामसभेच्या मालकीचे राहतील आणि तिच्या ठरावाविना प्रसिद्ध होणार नाहीत, असे कलम करारात असणे इष्ट मानले जाते.

आराखड्याच्या भाषेचा प्रश्न याहून मूलभूत आहे. मराठीतील शासकीय आराखडेही गावाला परके वाटू शकतात, कारण गोंडी, कोरकू किंवा भिलालींना वनाच्या भागांची, झाडांची व ऋतूंची स्वतःची नावे असतात. वनाच्या नकाशावर कक्ष क्रमांकाशेजारी गावाचे नाव लिहिले, तर राखणीला जाणाऱ्या माणसाला तो वाचता येतो.

अन्य देशांतील अनुभव

मेक्सिकोत वनांचा मोठा भाग गावसमुदायांच्या मालकीचा आहे आणि लाकूड काढण्यासाठी मान्यताप्राप्त व्यवस्थापन कार्यक्रम लागतो. १९८६ च्या वन कायद्याने कंपन्यांना दिलेल्या सवलती संपवून समुदायांना स्वतःची तांत्रिक सेवा उभारण्याची वाट मोकळी केली. ओआहाका राज्याच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात तीन झापोतेक व एक चिनांतेक अशा चार समुदायांनी १९८९ मध्ये संघ स्थापून वनतज्ज्ञांचे सामाईक कार्यालय चालवले. येथे तज्ज्ञ गावांचा नोकर होता. एका गावाला न परवडणारा वनतज्ज्ञ चार गावांना परवडला.

नेपाळचा अनुभव उलट दिशेचा आहे. तेथे १९९३ च्या वन कायद्याखाली सामुदायिक वन उपभोक्ता गटांना वने सोपवली गेली आणि प्रत्येक गटाला कार्ययोजना करावी लागली. आरंभी ती साधी असे. २००० मध्ये सविस्तर वनसाठा मोजणीचे निर्देश आले आणि गट वन कर्मचारी व तंत्रज्ञांवर अवलंबून राहू लागले. अनेक गटांच्या योजनांची मुदत संपली तरी नूतनीकरण होऊ शकले नाही, आणि योजना नसल्याने वापराचा अधिकारही अडला. महाराष्ट्रात आराखड्याचा नमुना ठरवताना हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे.

मेक्सिकोतील संघासारखी शक्यता गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात दिसते. तेथील अनेक ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापन केली असून वनोपजाच्या लिलावासारखी कामे एकत्रितपणे केली जातात. तांत्रिक मनुष्यबळ सामाईकपणे ठेवण्यासाठीही असा मंच सोयीचा आहे.

बुलढाणा जिल्हा

बुलढाणा जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येत नाही. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना मिळणारे विशेष अधिकार येथे लागू नाहीत. वनहक्क कायदा मात्र लागू आहे. जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी वस्ती असून तेथेच अंबाबरवा अभयारण्य आहे. बुलढाणा व खामगाव यांच्या दरम्यान अजिंठा डोंगररांगांत १९९७ मध्ये घोषित झालेले सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. अभयारण्यांलगतच्या गावांसाठी वन विभागाच्या परिस्थितिकीय विकास समित्या आणि २०१५ पासूनची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. या समित्यांचे सूक्ष्म आराखडे वन विभागाच्या मार्गदर्शनाखाली बनतात. सामूहिक वनहक्काच्या आराखड्याहून ते वेगळे आहेत, आणि दोहोंची गल्लत केल्याने सल्लागाराला काम नेमून देतानाच गोंधळ होतो.

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढेसारख्या शेतीप्रधान गावांत सामाईक जमिनीचे परिचित रूप म्हणजे ‘ई-क्लास’. वऱ्हाडात गुरचरणाच्या सरकारी जमिनीस हा शब्द रूढ आहे. राज्याच्या इतर भागांत तिला गायरान म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली अशा जमिनी गावाच्या सामाईक वापरासाठी राखून ठेवल्या जातात. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात देशभरातील गावसामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे निर्देश दिले, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने गायरानांविषयी निर्णय काढला. अशा माळरानांचे संवर्धनमूल्य कमी लेखले जाते. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ १,३०० किलोमीटरांहून अधिक अंतर चालून ज्ञानगंगेत पोहोचला. त्याची वाट शेते, नाले, झुडपी जंगल आणि गावशिवारांतून गेली होती.

या जमिनींना कोणती कायदेशीर चौकट लागू होईल, हे सल्लागार नेमण्याआधी ठरवावे लागते. वन्यजीव अधिनियमात २००२ च्या सुधारणेने आलेले सामुदायिक राखीव क्षेत्र हे खासगी किंवा समुदायाच्या जमिनीवर, मालकाच्या वा समुदायाच्या संमतीने घोषित होते. त्याच्या समितीलाच व्यवस्थापन आराखडा तयार करून अमलात आणण्याचा अधिकार असतो आणि समितीच्या ठरावाशिवाय व शासनाच्या मान्यतेशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. देशातील अशी बहुतेक क्षेत्रे मेघालय व नागालँडमध्ये आहेत, जेथे जमीन समुदायाच्या मालकीची आहे. सरकारी जमिनीवर होणारे संवर्धन राखीव क्षेत्र, उदाहरणार्थ सिंधुदुर्गातील तिलारी, यातील समितीचे काम मुख्य वन्यजीव रक्षकाला सल्ला देण्याचे असते. ई-क्लास जमीन शासनाची व तिची देखभाल ग्रामपंचायतीची असल्याने ती पहिल्या प्रकारात सहजी बसत नाही. तेथे उपलब्ध असलेली चौकट म्हणजे ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती; चराईची पाळी, कुरणाची राखण व पाणवठ्यांची निगा यांविषयीचे नियम ती ग्रामसभेच्या ठरावाने करू शकते. त्यासाठी लागणारी पहिली कागदपत्रे, म्हणजे जमिनीची अद्ययावत मोजणी व अतिक्रमणांची यादी, तलाठी व भूमी अभिलेख कार्यालयाकडून मिळवावी लागतात.